उभं राहून, मनापासून

"देवाला काही कमी आहे का हो, पाळकसाहेब?" शिवणताईनं सूप ढवळता ढवळता विचारलं.

पाळकसाहेब आले होते ते चर्चच्या गायनमंडळाचे झगे न्यायला. झगे शिवून, इस्त्री होऊन मशीनशेजारी तयार होते. उचलायचे आणि निघायचं, एवढंच काम. पण झगे शिवणारी स्वतः वर्षभर उपासनेला फिरकली नव्हती आणि तिच्यासारखा गळा सगळ्या मंडळीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. माणूस पाळक पडला, त्याला राहवतंय कसलं. त्यांनी विषय काढला, आणि वर हा प्रश्न ऐकून घेतला.

"त्याला कसली कमी? तो परिपूर्ण आहे."

"मग आमची स्तुती कशाला लागते त्याला? दर रविवारी तू थोर, तू थोर, तुझ्यासारखा कोणी नाही. आमच्या गल्लीत कोणी असं रोज म्हणवून घेतलं, तर लोक तोंडावर हसतील."

याचं उत्तर पाळकसाहेबांना तोंडपाठ होतं. आजवर कितीतरी जणांना त्यांनी ते दिलं होतं. ऐकणाऱ्याचं समाधान झालं की नाही, हे बघायला मात्र ते फारसे कधी थांबले नव्हते.

"त्याला गरज नाही, ताई. गरज आपल्याला आहे. त्याच्यापुढे वाकलं की माणसाचा ताठा जातो, मन ठिकाणावर येतं. तो मागतो ते आपल्याच भल्यासाठी."

शिवणताई हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"अगदी आमच्या बाबांचं वाक्य बोललात." तिनं खिडकीजवळच्या खुर्चीकडे मानेनं खूण केली. "ताटं वाढून झाली की आम्ही भावंडं रांगेत उभी राहायचो. एकेकानं म्हणायचं, बाबा, तुमच्यामुळे पोटाला मिळतं, तुमचे उपकार. पुटपुटून चालायचं नाही. मनापासून म्हण, म्हणायचे. नाही जमलं तर ताट उचललं जायचं. आणि वर ऐकवायचे, मला काय करायचंय तुमच्या आभारांचं, तुम्हाला वळण लागावं म्हणून सांगतोय."

खुर्चीतला म्हातारा गळ्याला फडकं बांधून बसला होता. एके काळी त्याच्या नुसत्या खाकरण्यानं घर गप्प व्हायचं. आता त्याला स्वतःच्या मुलीची ओळख राहिली नव्हती. सुपाचा वास आला तसा त्यानं तोंड उघडलं.

शिवणताईनं चमचा भरला, त्याच्या ओठांपाशी नेला आणि तिथेच थांबवला.

पाळकसाहेबांना वाटलं, सूप गरम असेल. मग वाटलं, हिच्या हाताला रग लागली असेल. चमच्यावरची वाफ गेली, तरी हात हलेना.

"काय झालं, ताई?"

"म्हणू देत की."

हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना ते म्हणायला लावता?"

"म्हणतात की रोज. काल संध्याकाळपासून तेवढं आठवत नाहीये."

"मग काल रात्री ते जेवले काय?"

शिवणताईनं चमचा तसाच धरून ठेवला. म्हातारा चमच्याकडे बघत होता. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. पाळकसाहेबांना तिचा संताप आला आणि भीतीही वाटली. उठून तिच्या हातातला चमचा हिसकावून घ्यावा, असंही मनात येऊन गेलं. पण शेवटी ज्याची सवय होती तेच त्यांनी केलं. दुसऱ्यांच्या वतीनं हात जोडण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"त्यांच्या वतीनं मी म्हणतो. ताई, तुमच्यामुळे त्यांच्या पोटाला मिळतं. तुमचे उपकार. आता द्या त्यांना."

"तुम्ही म्हणून काय उपयोग? त्यांनी म्हणायला हवं. मनापासून."

त्या शब्दासरशी म्हाताऱ्यानं मान वर केली. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तो उठायला लागला. गुडघे लटपटले, तो मागे कोसळला. पुन्हा उठला. पाळकसाहेब आधार द्यायला पुढे झाले, तर त्यानं त्यांचा हात झिडकारला. गळ्यातलं फडकं लोंबत होतं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मार चुकवणाऱ्या पोराच्या आवाजात तो मुलीला म्हणाला,

"बाबा, तुमच्यामुळे पोटाला मिळतं. तुमचे उपकार."

शिवणताईनं त्याला धरून बसवलं आणि भरवायला सुरुवात केली. तो अधाशासारखा खात होता. अर्धं सूप फडक्यावर सांडत होतं आणि ती ते हळूच टिपून घेत होती, आईनं टिपावं तसं. वाटी रिकामी झाली.

पाळकसाहेबांनी झगे काखेत मारले. रविवारी या, असं म्हणायचं होतं, ते न म्हणताच ते दाराकडे वळले. दारापर्यंत पोचवायला ती आली. तिचा चेहरा फार दमलेला दिसत होता.

"एक खरं सांगा, पाळकसाहेब. बाबांनी असं म्हटल्यावर मला काहीसुद्धा वाटत नाही. नुसतं पोकळ. तरी पुढच्या जेवणाला पुन्हा हवंच असतं. मी माणूस आहे, माझं सोडा. तो तर परिपूर्ण आहे. त्याचंही असंच होतं का हो?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. उत्तर तोंडपाठ होतं, पण ते तिच्याकडे बघून देता येईना, म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

रिकाम्या वाटीपुढे म्हातारा पुन्हा उभा राहायची धडपड करत होता.