वकील शेळी

चहाचा शेवटचा घोट घेऊन अण्णांनी घसा साफ केला, खुर्चीत ताठ बसले आणि विहीणबाईंना त्यांच्याच भाषेत, म्हणजे डचमध्ये, ठणकावून सांगितलं, "माझी शेळी वकील आहे."

सूनबाईच्या घशात बिस्किट अडकलं.

"अण्णा," चिरंजीव दबक्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला काय लिहून दिलं होतं?"

नेमकं तेच अण्णांना आठवत नव्हतं. 'बाळ होईपर्यंत इथेच राहा, आम्हा सगळ्यांना बरं वाटेल', असं काहीसं चिठ्ठीवर होतं. सकाळी दाढी करताना ते त्यांनी वीस वेळा घोकलं होतं. ऐन वेळी तोंडातून बाहेर पडली ती शेळी. अडतीस दिवस ते फोनमधल्या ॲपवर डच शिकत होते. राजा साबण खातो. आत्याच्या टोपीत मासा आहे. गाय जिन्यात बसून रडते. रस्ता चुकला, पोट दुखलं किंवा विहीण जायला निघाली तर कामी येईल असं एक वाक्य त्यात असेल तर शपथ. पण शहाणी वाक्यं तासाभरात डोक्यातून उडून जायची आणि शेळी काही केल्या हलत नव्हती.

विहीणबाई रुसल्या असत्या तर समजूत तरी काढता आली असती. लेकीला नववा लागला म्हणून त्या महिनाभरासाठी आल्या होत्या आणि आज पाचव्या दिवशी तिला म्हणाल्या होत्या, मी परत जाते, इथे माझं काही काम नाही. खोटं नव्हतं ते. त्यांनी कप उचलला की अण्णांची बायको माई तो हातातून काढून घेई. झाडू धरला की झाडू. पाच दिवस त्यांना सोफ्यावर बसवून अख्खं घर आळीपाळीने त्यांच्याकडे बघून हसत होतं. अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेल्या घड्याळांचंसुद्धा याहून बरं चाललं होतं.

सूनबाईचे डोळे दुपारपासून सुजलेले होते. तिकीट बदलून देणारं ऑफिस पाचला बंद व्हायचं आणि साडेचार वाजून गेले होते.

"या वयात शेळ्या हाकायला निघालेत," माई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं हो?"

विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई ती. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, भिंतीवरची तसबीर वाकडी दिसल्यावर पडते तशी.

"नाही," त्या म्हणाल्या. एवढं डच सगळ्यांनाच कळलं.

खुर्ची ओढून त्या थेट अण्णांच्या पुढ्यात बसल्या. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि शेळीच्या डच शब्दाचं पहिलं अक्षर घशाच्या तळातून कसं खरवडून काढायचं, ते काढून दाखवलं.

अण्णांनी खरवडलं.

"अहो, पाणी देऊ का?" माईने घाबरून विचारलं.

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. ते बहुधा अण्णांना होतं. सातव्या खेपेला कुठे त्यांची मान हलली. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"आई विचारते," सूनबाई म्हणाली, "शेळीकडे किती खटले आहेत?"

अण्णांना बारापर्यंत आकडे येत होते. "नऊ," ते म्हणाले.

"पूर्ण वाक्यात."

"माझ्या शेळीकडे नऊ खटले आहेत."

"ती जिंकते का?"

अण्णा विचारात पडले. 'जिंकते' आणि 'हरते' हे दोन्ही शब्द ॲपमध्ये अजून यायचे होते. पण बाईंसमोर गप्प बसणंही बरं दिसेना. "शेळी," ते जपून म्हणाले, "साबण खाते."

विहीणबाईंच्या ओठाचा कोपरा थरथरला. त्यांनी तो दातांखाली धरून आवरला, अण्णांच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला ठसठशीत अक्षरात लिहायला लागल्या.

"पावणेपाच झाले," चिरंजीव बायकोला म्हणाले. "कधीचं तिकीट हवंय, विचार ना त्यांना." आणि त्यांनी फोन पुढे केला. विहीणबाईंनी वर न पाहताच हात झटकला, न विचारता वर्गात शिरलेल्याला झटकावा तसा. मग लेकीला त्या बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या.

सूनबाईने बाहीला नाक पुसलं.

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"म्हणते, विद्यार्थी फार कच्चा आहे. महिन्याभरात काही व्हायचं नाही, दोन महिने तरी लागतील." सूनबाईला आता हसू आवरेना. "आणि उद्या बरोबर आठला. नखं कापून यायचं."

अण्णांनी मुकाट्याने आपली नखं पाहिली. चिरंजीवांनी फोन खिशात घातला.

माई अजून दारातच होती. हातातल्या फडक्याची तिने घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"सूनबाई," ती फडक्याकडे बघत म्हणाली, "विचार गं तुझ्या आईला. वर्ग सुरू झाल्यावर नाव घातलं तर चालतं का? मी आपली मागे बसेन."

सूनबाई तोंड उघडणार तेवढ्यात विहीणबाईंनी आणखी एक खुर्ची ओढून पुढे घेतली आणि अण्णांना बोटाने खूण केली, जरा सरका.