फितुरीचा कागद

गुपित फोडणारा जागल्या की फितूर, हे मोठमोठ्या राष्ट्रांनाही ठरवता आलेलं नाही. दिंद्रुडकडच्या एका सोसायटीनं ते चहा येईस्तोवर ठरवायला घेतलं. ऐन दुष्काळात गावाचा टँकर चेअरमनच्या मोसंबीला जातो, हे सोसायटीचा शिपाई गहिनीनाथ यानं सोसायटीच्या तशा ठरावाचा कागद जोडून तहसीलदाराला कळवलं होतं.

"फितूर हाय! काढा नोकरीवरून," चेअरमन अर्जुनराव कडाडले.

"जागल्या हाय तो," सभासद राधाकिशन उठला. "आमाला कुणी सांगितलं व्हतं का?"

गहिनीनाथचं घर या पगारावरच चालत होतं.

"ठरावाचा कागद कुठून चोरला बे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"चोरला न्हाई, मालक. वार्षिक अहवाल छापखान्यातून मीच आणले, गठ्ठ्यावर एक सुटा दिलता, तो येताना वाचला. पान अकरावर हाय ठराव. गेल्या सभेत सगळ्यांनीच हात वर करून हा अहवाल मंजूर केलता."

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. सभासदांना वाटायच्या अहवालांच्या गठ्ठ्याची सुतळी अजून सुटलेली नव्हती.