रिकामी कंबर

आईने टेक्सासमधल्या घरात पाऊल टाकलं आणि श्रीरंग तिच्या पाया पडायला वाकला. शर्ट वर सरकला, कमरेला खोचलेलं पिस्तूल दिसलं. आशीर्वादाचा हात हवेतच राहिला.

“अगं बाई, हे काय?”

“इथे परवाना लागत नाही, आई. दोनदा दुकान लुटलंय आपलं.”

“कुणालाच लागत नाही ना!” सून उसळली. “समोरच्याच्या कमरेला काय आहे, कसं कळायचं?”

आईला सुनेचं पटलं. “उद्यापासून हे न्यायचं नाही. माझी शपथ आहे.”

सकाळी दुकानात निघताना तो पुन्हा वाकला. कंबर रिकामी होती. आईला हायसं वाटलं, आणि लगेच ते लुटलेलं दुकान आठवलं.

“शतायुषी हो,” ती म्हणाली. पण त्याच्या पाठीवरचा हात काही तिला उचलवेना.