मुहूर्तावर सुरू केलेलं मशीन

सहाव्यांदा तोच लाल निरोप आला. ‘दोन्ही सर्व्हरचे प्रोसेसर जुळत नाहीत. चालू मशीन हलवता येणार नाही.’ इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या निवेदिताने माऊस असा आपटला की शेजारचा चहा हिंदकळला.

“समजलं गं बाई,” ती पडद्यावर खेकसली. “छह बार बोल चुकी है तू.”

सिटी सेंटर भागातल्या त्या इस्पितळाचे तीन सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते. दोन सात वर्षं जुने, एक नवाकोरा. बेत असा, की एक आजारी पडलाच तर त्याच्यावरची कामं चालू असतानाच दुसऱ्यावर सरकावीत आणि वर वॉर्डात कोणाला पत्ताही लागू नये. आजारी पडला तो नेमका नवा. त्याचा पंखा अडकला होता, तापमान चढत होतं, आणि आयसीयूचा तक्ता चालवणारं ‘मशीन’, म्हणजे सर्व्हरच्या आतला सॉफ्टवेअरचा संगणक, त्याच्यावरच होतं. अकरा पेशंटांचं बीपी, नाडी, श्वास मिनिटामिनिटाला नोंदणारा तो तक्ता. नव्या प्रोसेसरवर सुरू झालेल्या मशीनला त्याच्या नव्या करामतींची सवय लागली होती, आणि त्या करामती जुन्यांना येत नव्हत्या.

उपाय एवढासा होता. सेटिंगमध्ये एक खूण केली की नवा प्रोसेसर जुन्याला येतं तेवढंच येत असल्यासारखा वागतो. पण ती खूण मशीन बंद असतानाच करता येते.

खरं तर ती दसऱ्यालाच करायची होती. पण इस्पितळाचे व्यवस्थापक संभाजीराव यांच्या घरी पिढ्यानपिढ्या तलवारी पुजतात, आणि यंदा त्यांनी सर्व्हर पुजायचा ठरवला. मुहूर्त अकरा चाळीसचा. म्यानातलं शस्त्र पुजत नाहीत, दिवे लुकलुकताना दिसले पाहिजेत, आणि पहिलं काम आयसीयूचंच चढलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. ‘सर, दहा मिनिटं द्या, एक सेटिंग राहिलीय,’ असं निवेदिता म्हणेपर्यंत गुरुजींनी हळद-कुंकू वाहिलं, आणि ती गप्प बसली. आज तिला सगळ्यात जास्त चीड त्या गप्प बसण्याची येत होती. पंख्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या तिने टॉर्च मारून पाहिल्या होत्या.

“झालं का बेटा?” संभाजीराव दारात उभे होते.

“सर, होणारच नाही असं. तीन घंटे से वही कर रही हूँ. मशीन दहा मिनिटं बंद करू द्या.”

“बंदचा सवालच नाही. तक्ता कधीच थांबणार नाही, असा सगळ्या डॉक्टरांपुढे मी शब्द दिलाय.”

“अजून थोडा तापला तर सर्व्हर स्वतःहून बंद पडेल. तसा पडला तर आजच्या नोंदी राहतील की जातील, सांगता येत नाही.”

संभाजीराव मिशीवरून बोट फिरवत राहिले. त्यांना नोंदींपेक्षा शब्दाची काळजी होती हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने त्यांची वाट पाहिली नाही. सरळ फोन उचलला आणि आयसीयूच्या मुख्य नर्स शालिनीताईंना विचारलं, दहा मिनिटं निभेल का.

“एवढंच ना? पेशंटांजवळचे मॉनिटर तर चालूच राहणार. प्रत्येक पलंगाजवळ एक मुलगी कागद घेऊन उभी करते,” ताई म्हणाल्या. “सकाळीच विचारायचंस की.”

दुपारी एक वाजता मशीन बंद केलं. निवेदिताने खूण केली, मशीन जुन्या सर्व्हरवर चढवलं आणि नखं खात बसली. एक वाजून दहा मिनिटांनी वरचा तक्ता पुन्हा हलू लागला. मग तिने नव्या सर्व्हरची वायर उपटली.

संभाजीराव लगेच फोनवर. “हाँ डॉक्टरसाहब, सब चकाचक. रुका ही नहीं.”

तेवढ्यात शालिनीताई जिना उतरून आल्या. हातात अकरा कागद होते. “हे चढवायचं कुठे? सहा नंबरच्या काकूंचं बीपी एक वाजून सात मिनिटांनी धाडकन उतरलं होतं. औषध दिलं, सांभाळलं. रात्रीच्या डॉक्टरांना कळायला हवं.”

संभाजीरावांनी फोन बंद केला. “राहू द्या हो ताई. हाताने भरलं की तक्त्यात तसं दिसतं, मग चौकशा सुरू. दहा मिनिटं कोरी राहिली तर कोण बघतंय? नेटवर्क गेलं होतं म्हणू.” मग ते निवेदिताकडे वळले. “आणि चौकशी झालीच, तर सेटिंग तुझी राहिली होती, बेटा. नोकरी तुझी जाईल, माझी नाही.”

निवेदिताच्या घरचं सगळं या नोकरीवर चाललं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

“कोरी कशी राहील, साहेब?” शालिनीताई म्हणाल्या. “त्या दहा मिनिटांत बाई मरता मरता वाचली.”

निवेदिताने कीबोर्ड पुढे ओढला.

“सहा नंबर आधी सांगा, ताई.”

“एक वाजून सात. सत्तर-चाळीस.”

तिने आकडे भरले. खाली चौकट उघडली: हाताने भरण्याचं कारण. संभाजीराव तिच्या खांद्यावरून वाचत होते. तिने लिहिलं, ‘मशीन मी बंद केलं होतं,’ आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव, आडनावासकट.

“आता सात नंबर,” ती म्हणाली.