कुणाला सांगायचं नाही

ही २००३ सालची गोष्ट. भुईगावच्या ऑल्विनने घरात बसून, डोळे फुटेस्तोवर खपून व्हिडिओ गेमचं इंजिन लिहिलं. म्हणजे ज्यावर कितीही गेम उभे करता येतात तो मूळ प्रोग्राम. परदेशी कंपनीने त्याचे हक्क घेतले, पण करारात अट घातली की हे आपण केलं असं त्याने जन्मभर कुणाला सांगायचं नाही.

गावातली पोरं सायबर कॅफेत त्याच इंजिनावर बनलेले गेम खेळत आणि त्याला चिडवत, "दादा, तू कधी काय करणार रे?" आई म्हणे, "मेल्या, नोकरी तरी बघ!"

शेवटी एका शनिवारी त्याने चर्चमध्ये पापनिवेदनाला गुडघे टेकले. "फादर, पोरं खेळतात त्या गेमचं इंजिन मी लिहिलंय."

"बाळा, यात पाप कुठलं?"



"पाप नाही, फादर. पण इथे सांगितलेलं तुम्ही कुणालाच सांगू शकत नाही ना!"