केस काढायचा कार्यक्रम

“एकदा औषध लागलं की मागं फिरता येत न्हाई, ताई,” शिवकन्या म्हणाली. “सहा महिने असेच राहतील. बघा बरं.”

“लाव,” आकांक्षा म्हणाली.

शहरातल्या मस्तगड भागातल्या त्या पार्लरमध्ये लूज वेव्हचा पर्म करायला येणाऱ्या बायका आधी चौघींना विचारून येतात आणि खुर्चीत बसल्यावर पुन्हा नवऱ्याला फोन लावतात. आकांक्षानं कुणालाच विचारलं नव्हतं. राजानंदला, म्हणजे नवऱ्याला, सकाळी नुसतं सांगितलं. तो म्हणाला, “केस तुझे. मला कशाला विचारून राह्यली?”

शिवकन्या एकेक बट कागदात धरून जाड रॉडवर गुंडाळू लागली. लांबसडक, सरळ, लहानपणापासून तेल पिऊन वाढलेले केस होते. घनसावंगीकडच्या बद्रीनाथांच्या, म्हणजे तिच्या आबांच्या, घरात पोरींनी केस मोकळे सोडायचे नाहीत असा नियम होता. तो मोडायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

“काही कार्यक्रम आहे का?” शिवकन्यानं विचारलं.

“उद्या आहे. गावाकडं, नदीवर.”

“नदीवर?” शिवकन्याचा हात थांबला. “डोकं भिजू देऊ नका हं. दोन दिवस बिलकुल न्हाई. सगळी मेहनत पाण्यात जाईल. काय आहे नदीवर?”

“भटजी येणार, न्हावी येणार. मंग गावजेवण.”

“जावळ आहे म्हणा की! भावाला पोरगं आहे ना?”

“आहे. वर्षाचं झालं.”

“तरीच!”

आकांक्षा आरशात बघून हसली. “केस काढायचाच कार्यक्रम आहे.”

“मंग मान तुमचा. जावळाचे केस आत्याच्या पदरात पडतात.”

“मला बोलावलंच न्हाई.”

शिवकन्यानं तिच्या हातांकडे बघितलं. मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. मग आकांक्षानं आपण होऊनच सांगितलं. राजानंद शाळेत मास्तर, शिकलेला, निर्व्यसनी, पण बौद्ध. आबांना तो चालला नाही. तिनं कोर्टात लग्न केलं, आणि आबांनी भर चावडीवर शपथ घेतली की या पोरीचं तोंड पुन्हा बघणार नाही.

रडून झालं होतं. आता नुसता राग उरला होता, आणि तो राग तिला बरा वाटत होता. आबांचा आशीर्वाद नको, माहेरची साडी नको, जमिनीचा तुकडा तर नकोच. एकदा त्यांनी आपल्याकडे डोळे उघडून बघावं, एवढंच तिला हवं होतं. ते बघेपर्यंत ती हटणार नव्हती.

औषधाचा वास नाकात शिरला. सडकी अंडी बरी म्हणावीत असा वास. तेवढ्यात फोन वाजला. भावाचा, कल्याणचा. आकांक्षानं स्पीकर लावला.

“अकू, तू येऊन राह्यली असं ऐकलं. खरं का?”

“खरं हाय, दादा.”

“नको येऊ. पाया पडतो तुझ्या. आबा दोन दिवस धड जेवले न्हाईत. सगळे पाहुणे येऊन राह्यलेत. तू आली तर सगळा कार्यक्रम फिसकटंल.”

“फिसकटू दे. माझ्याबिगर व्हतो का तुमचा कार्यक्रम?”

 पलीकडून फोन बंद झाला.

“बराबर बोलल्या!” शिवकन्या खूश झाली. “आत्याबिगर कसलं जावळ? आणि मनाला लावून घेऊ नका. काठी मारल्यानं पाणी तुटत न्हाई. तुमचं लेकरू त्यांच्या मांडीवर आलं की वडील विरघळतील.”

आकांक्षानं फोन पर्समध्ये टाकला.

रॉड सुटले, केस धुऊन वाळवून झाले. खांद्यांवर मोठमोठ्या सैल लाटा उतरल्या. आकांक्षानं मान इकडून तिकडे हलवून पाहिली. आरशातली बाई तिला एकदम आवडली. असल्या बाईला गप बस म्हणायला माणसानं दोनदा विचार केला असता.

“रबर लावू नका. घट्ट बांधू पण नका,” शिवकन्यानं बजावलं.

“मोकळेच ठेवायचेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजानंद बरोबर यायला निघाला होता. तिनं त्याला थांबवलं. “आज मी एकटीच. हे माझं आणि आबांचं हाय.”

घनसावंगीच्या जीपमध्ये तिला खिडकी मिळाली. वाऱ्यानं केस उडून शेजारच्या म्हातारीच्या तोंडावर जाऊ लागले.

“बांध की गं पोरी ते केस,” म्हातारी करवादली.

“न्हाई बांधत, मावशी,” ती म्हणाली आणि केस हातानं आपल्या बाजूला ओढून धरले.

नदीवर सारं गाव लोटलं होतं. तिला बघताच माणसं आपोआप बाजूला झाली. कल्याण कडेला पोराला घेऊन उभा होता. पोराचं जावळ कपाळावर तसंच लोंबत होतं. डोकं भादरलं होतं ते कल्याणचं.

पुढे पाण्याकडे तोंड करून आबा बसले होते. त्यांच्याही डोक्याचा गोटा केलेला होता. समोर पत्रावळीवर भाताचे पिंड मांडले होते आणि सगळ्यांच्या नजरा पलीकडच्या बाभळीवर लागल्या होत्या. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता.

“जिवाची काही इच्छा राहिलेली दिसते,” भटजी म्हणाले. “नाव घेऊन विचारा.”

आबांनी हात जोडले. “आकांक्षा, बाई, काय राह्यलं गं तुझं?”

“मागं बघा, आबा,” आकांक्षा म्हणाली.