आकाशच्या नावाचे गहू

झुंबरबाई ओसरीत गहू मोजत होती, तेव्हा एक म्हातारा अंगणात येऊन उभा राहिला. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा, चपला हातात.

"भाईदास आबानं घर हाईच का?"

"हाईच शे. या, बसा."

तो पायरीवरच बसला. दिलेलं पाणी प्यायलाच नाही, तांब्या नुसता धरून राहिला. खाटेवरच्या भाईदासनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली टाकली.

रविवारी घरात कानबाई देवी बसायची होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका हयात पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, असा खानदेशातला रिवाज. धुतलेल्या कापडावर झुंबरबाई एकेक ढीग लावत होती. एक नवऱ्याचा, भाईदासचा, एक मुलाचा, प्रेमराजचा. प्रेमराजच्या पोराचा, ज्ञानेश्वरचा, आता होत आला होता.

"मी जीवराम," म्हातारा म्हणाला. "अमळनेर-धुळे काळीपिवळी चालाडू. बावीस वरीस व्हयनात. तुम्हना फाटावर तुम्ही हात दखाडा. खांदावर पोऱ्या व्हता. मी गाडी थांबाडी नही."

झुंबरबाईचा हात पाटीतच राहिला.

"गाडीले झेंडूनं तोरण व्हतं," ती म्हणाली.

जीवरामनं मान खाली घातली. चौदा माणसं कोंबून पंधराव्याला "सरका जरा" म्हणणारा हा ड्रायव्हर. पण त्या दिवशी गाडीत वऱ्हाड होतं. केस सुटलेली, ओरडत धावणारी बाई पाहून नवरदेवाचा मामा म्हणाला, "थांबू नको, अपशकुन होईल." आणि जीवरामनं गाडी दामटली. आरशात ती बराच वेळ दिसत राहिली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर कळलं, त्या फाट्यावरच्या पोराला पान लागलं होतं, म्हणजे साप चावला होता. पुढचं ऐकायच्या आत तो तिथून उठला. ज्याची भीती, ते कोण कानावर घेईल?

त्यानंतर त्यानं लग्नाचं भाडं घेतलं नाही. पुढची एक सीट कायम रिकामी ठेवायचा. वाटेत कुणी आजारी दिसलं, की त्याला फुकटात धुळ्याला दवाखान्यात पोचवायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'डॉक्टर' म्हणून चिडवायचे. बिचाऱ्याला वाटायचं, एवढ्या फेऱ्यांनी तरी मन हलकं होईल. झालं नाही. गाडी विकली, दिसायचं कमी झालं, पण तो आरसा काही डोळ्यांपुढून हलेना.

"माले फक्त इतलं सांगा," तो म्हणाला. "तो पोऱ्या..."

भाईदास खाटेवरून उठला. पायात वहाणा न घालताच गोठ्याकडे निघून गेला.

झुंबरबाईनं म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश पाटीतून गहू उचलले. सव्वा मूठ. तीन ढिगांशेजारी चौथा ढीग लावला.

"हाई आकाशनं," ती म्हणाली. "सुरतले ऱ्हास तो."

"जित्ता शे?"

"मंग? तुम्हना मांगेच दुसरी गाडी उनी. घडीभरमा धुळाले पोचनूत. आते त्यानं लगीन बी व्हयनं. एक पोरगी शे."

म्हाताऱ्याला रडू आवरेना. चष्मा काढून त्यानं उपरण्यात तोंड खुपसलं. चारपैकी शेवटच्या ढिगाला तो वाकून, हात जोडून पाया पडला. झुंबरबाईला ते बघवेना. तिनं तोंड फिरवलं.

"त्याले एकदाव फोन लाई द्या ना, माय. माफी मांगस."

"त्याले काय बी याद नही, भाऊ. उगा कसाले आठवण देवानी? तुम्हना जीवमाईन काढी टाका आते. घर जा."

जीवरामनं तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. चपला घातल्या. फाट्याकडे जाताना तो दोनदा मागे वळला, दोन्ही वेळा हात जोडले. झुंबरबाई तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी होती.

भाईदास गोठ्यातून परत आला. कापडावरचे चार ढीग पाहून तिथंच थबकला.

अंगणात प्रेमराजनं मोटारसायकल लावली. चक्कीवर जायची घाई होती.

"माय, दळन मोजं का? कितला जनसनं शे?"

झुंबरबाईनं चौथा ढीग दोन्ही हातांत गोळा केला. एकही दाणा खाली सांडू न देता परत पाटीत टाकला.

"तीन," ती म्हणाली.